महामार्गात ५८ आर गेले: उरलेल्या सातबाऱ्यावर अनुदानांचं काय होतं

रस्त्याच्या रुंदीकरणात गटाचा पट्टा गेला की घरात बोलणं फक्त मोबदल्याचं होतं. ते साहजिकच आहे. पण उरलेल्या जमिनीवर पुढची कित्येक वर्षं पीकविमा, ठिबक, विहीर, सौरपंप आणि सोसायटीचं कर्ज चालणार असतं, ते सगळं सातबाऱ्यावरच्या नव्या आकड्यावर. तो आकडा बरोबर बसवून घ्यायला आम्हाला दोन हंगाम लागले. त्यात कुठे काय अडतं आणि का अडतं, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

हिशेब समजावा म्हणून आकडे आधी मांडतो. गटाचं एकूण क्षेत्र २ हेक्टर ३६ आर. त्यातलं लागवडीयोग्य २.२४ आणि ओढ्याकाठचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, ०.१२. आकार, म्हणजे शेतसारा, ६ रुपये ७२ पैसे. राष्ट्रीय महामार्गाला गेले ५८ आर, तेही गटाच्या मधून तिरके, त्यामुळे उरलेल्या जमिनीचे दोन तुकडे झाले.

पहिली गोष्ट तारखांची. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली कलम ३-ए ची अधिसूचना म्हणजे फक्त इरादा. तिच्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. कलम ३-डी ची अधिसूचना राजपत्रात आली की त्याच दिवशी ती जमीन केंद्र सरकारच्या नावे होते. सातबाऱ्यावर मात्र काहीच हलत नाही, तिथे तुमचं नाव आणि जुनं क्षेत्र तसंच असतं. पुढे निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), रक्कम जमा होणं, ताबा, भूमी अभिलेखचं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल दाखवणारं) आणि शेवटी फेरफार. थ्री-डी ते फेरफार या मधल्या काळात कागदावर २.३६ आणि कायद्याने १.७८ अशी स्थिती असते. अनुदानातल्या बहुतेक चुका याच काळात होतात. कारण प्रत्येक पोर्टल सातबारा वाचतं, राजपत्र कुणीच वाचत नाही.

संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहणं हे या सगळ्यातलं सर्वात महत्त्वाचं काम. भूमी अभिलेखचे मोजणीदार, संपादन करणाऱ्या यंत्रणेचे लोक आणि खातेदार एकत्र असतात. बहुतेक खातेदार तेव्हा झाडं आणि पाईपलाईन मोजून घेण्यात गुंततात. तेही केलंच पाहिजे. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभागाकडे जातं, वनझाडांचं वन विभागाकडे, बांधकामांचं सार्वजनिक बांधकामकडे, आणि मोजणी पत्रकात जे नोंदलं नाही त्याचं मूल्यांकन होत नाही. पण त्याच वेळी दाखवून द्यायची दुसरी गोष्ट म्हणजे पोटखराबा. रस्त्याच्या पट्ट्यात ओढ्याकाठचे ६ आर येत होते. म्हणजे ५८ पैकी ५२ लागवडीयोग्यातून आणि ६ पोटखराब्यातून जायला हवेत. कमी-जास्त पत्रकाच्या पहिल्या प्रतीत सगळे ५८ लागवडीयोग्यातून वजा झाले होते. तसं राहिलं असतं तर लागवडीयोग्य १.६६ आणि पोटखराबा १२ आर तसाच, आणि त्यातला अर्धा पोटखराबा डांबराखाली.

सहा आर म्हणजे जेमतेम सहा गुंठे, पण कर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि पीक पाहणी लागवडीयोग्य क्षेत्रावर चालतात. ते सहा गुंठे दरवर्षी सगळीकडे कमी मोजले जातात. दुरुस्तीचा अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे करायचा, सोबत मोजणी नकाशाची प्रत आणि पोटखराबा दाखवणारा जुना सातबारा जोडायचा. फेरफार नोंदण्याआधी हे केलं तर पत्रकातच दुरुस्ती होते. निवाड्यातली विभागणी आणि पत्रकातली विभागणी एकच आहे ना, हेही त्याच वेळी ताडून घ्या. निवाड्यात सगळं जिरायत धरलं आणि पत्रकात पोटखराबा वेगळा काढला, तर पुढे दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात.

दुरुस्तीनंतरचा हिशेब असा: लागवडीयोग्य १.७२, पोटखराबा ०.०६, एकूण १.७८. आकार ताडून पाहायची सोपी रीत आहे. जुना आकार ६.७२ भागिले २.२४ म्हणजे हेक्टरी ३ रुपये. नव्या १.७२ ला ५ रुपये १६ पैसे यायला हवेत. आकारफोडीत, म्हणजे आकाराच्या विभागणीत, ४ रुपये ९८ पैसे दिसले, तर समजायचं की कुणीतरी अजून १.६६ वरच हिशेब केला आहे. रक्कम नगण्य आहे, पण आतली चूक ओळखायला हा आकडा फार उपयोगी पडतो.

कमी-जास्त पत्रक तहसील कार्यालयातून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, पोचलं की फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या पंधरा दिवसांत फेरफाराचा मसुदा वाचाच. तीन गोष्टी पाहायच्या: कमी झालेलं क्षेत्र राजपत्रातल्या क्षेत्राइतकंच आहे का, लागवडीयोग्य आणि पोटखराबा वेगळे वजा झालेत का, आणि गट क्रमांक बदलतो आहे का. नोंद चुकीची प्रमाणित झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील. निव्वळ लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्ती. कलम १५५ मध्ये हस्तदोष सुधारतो, वाद सुटत नाही. क्षेत्राबद्दल खरा वाद असेल तर त्या अर्जात महिने घालवू नका, अपिलाची मुदत निघून जाते.

गट क्रमांकाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक हेलपाटे त्यानेच घडवले. पट्टा वेगळा काढताना मूळ गटाचे उपविभाग पडतात. समजा २१४ होता, तर शेतकऱ्याकडे २१४/१ राहतो आणि रस्त्याकडे २१४/२ जातो. आता जिथे जिथे २१४ लिहिलेलं आहे, तिथे तिथे तुटतं. सोसायटीचा बोजा २१४ वर, ठिबकची पूर्वसंमती २१४ वर, शेतकरी ओळख क्रमांकाखाली जोडलेला गटही २१४. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. क्रमांक तोच राहतो, त्याच्याखालचे गट आणि क्षेत्र बदलावे लागतात. नवा सातबारा तयार झाला की ते आपोआप बदलेल असं धरून बसू नका. लॉगिन करून किंवा सामायिक सुविधा केंद्रात जाऊन जोडलेल्या जमिनींची यादी पाहा. जुना गट दिसत असेल आणि नवा नसेल, तर जमीन अद्ययावत करण्याची विनंती टाका आणि तिची पावती ठेवा. पोर्टलवर तुमच्या नावे जमीनच दिसली नाही, तर अर्ज अपात्र ठरतो, आणि कारण म्हणून फक्त ‘जमीन नोंद जुळत नाही’ एवढंच येतं.

डिजिटल पीक पाहणीतही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. अ‍ॅप गटाच्या नकाशावरून तुम्ही गटात उभे आहात का ते पाहतं. सातबारा दोन झाले आणि नकाशा एकच राहिला, तर रस्त्यापलीकडच्या तुकड्यात उभं राहून फोटो काढताना गटाबाहेर असल्याचा इशारा येतो. अशा वेळी मोठ्या तुकड्यात उभं राहून दोन्हीकडचं पीक एकत्र नोंदवायचा मोह होतो. तसं केलंत आणि पलीकडे वेगळं पीक असेल, तर विमा आणि पाहणी जुळत नाहीत. पलीकडची नोंद स्वतः न करता सोडून द्या, गावच्या पीक पाहणी सहायकाला सांगा. शेतकरी स्तरावरची मुदत संपल्यावर सहायक स्तरावर ती पाहणी करून घेता येते. स्वतः केलेली नोंद चुकली असेल तर ४८ तासांत स्वतःच दुरुस्त करायची सोय आहे, ती वेळ दवडू नये.

आता योजनांकडे. क्षेत्र कमी झालं म्हणजे सगळंच कमी होतं असं नाही. प्रत्येक योजना क्षेत्र वेगळ्या डोळ्यांनी पाहते.

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये ही सरसकट रक्कम आहे. १ जून २०१९ पासून दोन हेक्टरची अटही राहिलेली नाही. त्यामुळे २.२४ चे १.७२ झाले तरी हप्ता तोच. लागवडीयोग्य जमीन नावावर काही ना काही उरली पाहिजे, एवढंच. सगळीच जमीन गेली असेल तर पात्रता संपते, आणि नंतर घेतलेले हप्ते वसूल होऊ शकतात, म्हणून स्वतःहून लाभ सोडण्याचा पर्याय वापरावा. मोबदल्यातून दुसरीकडे जमीन घेतली तर? मार्गदर्शक सूचनांत जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे आणि त्यानंतरचा बदल वारसाने आलेला असला तरच विचारात घेतला जातो. त्यामुळे विकत घेतलेली नवी जमीन त्या लाभाची भरपाई करेल असा हिशेब मांडू नये.

काही ठिकाणी क्षेत्र घटल्याने हक्क वाढतो, आणि हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक. २.३६ वर आपण ‘इतर’ गटात होतो, १.७८ वर अल्पभूधारक झालो. ठिबकला केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’मध्ये इतरांना ४५ टक्के आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के. राज्याची पूरक रक्कम धरून ते ७५ आणि ८० टक्के होतात. ट्रॅक्टर-अवजारांच्या अनुदानातही ४० ऐवजी ५० टक्क्यांचा गट लागतो. मात्र हे एका गटावर नाही, सगळ्या खात्यांवर मोजलं जातं. शेजारच्या गावात ३० आर असतील तर तिथलाही आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) लागतो आणि बेरीज २.०८ होऊन पुन्हा ‘इतर’मध्ये जाता. नवा आठ-अ हातात आल्याशिवाय अल्पभूधारकाचा दाखला मागू नका, जुन्या उताऱ्यावर तो मिळणार नाही.

ठिबकच्या बाबतीत अजून एक. एकदा अनुदान घेतलेल्या क्षेत्रावर सात वर्षं पुन्हा अनुदान मिळत नाही. संच बसवून तीन वर्षं झाली आणि त्यातला पट्टा रस्त्यात गेला, तर गेलेल्या लॅटरलची (पिकाच्या ओळींतल्या नळ्यांची) किंमत निवाड्यातच धरून घ्यावी लागते. महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवरून ती परत मिळणार नाही. म्हणून संयुक्त मोजणीत ‘ठिबक संच, इतके आर’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘पाईपलाईन’ एवढाच शब्द असेल तर फक्त मुख्य पाईप मोजला जातो.

सौरपंपाचं गणित सरळ आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५. जुने २.२४ हेक्टर म्हणजे साडेपाच एकर, नवे १.७२ म्हणजे सव्वाचार. साडेसातचा अर्ज भरून ठेवला असेल आणि मंजुरीपूर्वी क्षेत्र घटलं, तर पाचचा पंप मिळतो. पाणी खोल असेल तर पाच पुरत नाही. त्यामुळे आधीच्या सातबाऱ्यावर घाईने अर्ज करायचा सल्ला गावात हमखास मिळतो. आम्ही तो मानला नाही. थ्री-डी झाल्यावर ती जमीन आपली नसते, आणि जागेच्या सर्वेक्षणात रस्त्याच्या खुणा सरळ दिसतात. मग अर्जच अडकतो.

विहिरीची अट सर्वात कडक, कारण ती सलग क्षेत्र मागते. रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर सलग जमीन लागते. रस्त्याने लागवडीयोग्य जमिनीचे १.३८ आणि ०.३४ असे दोन तुकडे पाडले. सातबारा एकच असला तरी पलीकडच्या ०.३४ मध्ये ही विहीर होऊ शकत नाही, अलीकडच्या १.३८ मध्ये होऊ शकते. त्यातही एक पेच आहे. जुनी विहीर रस्त्याच्या पट्ट्यात गेली असेल आणि सातबाऱ्यावर ‘विहीर’ ही नोंद तशीच राहिली असेल, तर नव्या विहिरीचा अर्ज तिथेच बाद होतो, कारण आधीची विहीर नसावी अशी अट आहे. फेरफारात क्षेत्र कमी होतं, पण ही नोंद स्वतंत्रपणे कमी करायला सांगावी लागते. निवाड्यातलं विहिरीचं मूल्यांकन दाखवणारं पान जोडून अर्ज द्या, तेवढा पुरावा पुरतो. फळबागेला मात्र पलीकडचा तुकडा चालतो. भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकण सोडून उर्वरित राज्यात किमान ०.२० हेक्टर लागतं, आणि ०.३४ त्याच्या वर आहे. आम्ही तिकडे फळझाडांचाच विचार केला, कारण रोज ओलांडून जायचं नाही.

ओलांडण्यावरून आठवलं. पलीकडच्या तुकड्याला वाट नसेल तर मोजणीच्या वेळीच लेखी मागणी करा, नाहीतर नंतर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागत तहसीलदारांकडे जावं लागतं. वाट नसलेल्या जमिनीत ठिबकचा संचसुद्धा नेता येत नाही.

पीकविम्यात चूक सर्वात महाग पडते. खरिपाची नोंदणी साधारण ३१ जुलैपर्यंत असते. त्या वेळी फेरफार झालेला नसेल, तर पोर्टल २.२४ पर्यंत विमा घेऊ देतं. पण ती कमाल मर्यादा आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. प्रत्यक्ष पेरलं आहे तेवढंच क्षेत्र टाका. जास्त क्षेत्राचा विमा पडताळणीत सापडला तर भरपाई अडकते. सरकारी जमिनींवर विमा उतरवल्याचे प्रकार राज्यात उघड झाल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे, आणि थ्री-डी झालेला पट्टा ही आता सरकारी जमीनच आहे. आणि उभ्या पिकात यंत्रं घालून ताबा घेतला, तर ते नुकसान पीकविम्यात बसत नाही. ते मोबदल्यात मागायचं असतं, आणि त्यासाठी ताब्याच्या दिवशी उभ्या पिकाचा पंचनामा लागतो. पंचनाम्यावर पिकाचं नाव, वय आणि क्षेत्र नसेल तर सही करू नका.

अतिवृष्टी आणि दुष्काळाच्या मदतीत फरक थेट रुपयांत दिसतो. आपत्ती निधीच्या निकषांत ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आधी २.२४ असूनही मदत दोन हेक्टरचीच, म्हणजे १७,००० रुपये मिळायची. आता १.७२ ला १४,६२० रुपये. १.६६ राहिलं असतं तर १४,११० रुपये. पोटखराब्याच्या त्या सहा आरांसाठी का भांडायचं, ते या फरकात दिसतं.

सोसायटीच्या पीककर्जात दोन बाजू येतात. कर्ज हेक्टरी दराने मिळतं, म्हणून पुढच्या हंगामात मर्यादा घटते. चालू कर्ज मात्र जुन्या क्षेत्रावरचं असतं. ते मुदतीत भरलं नाही तर व्याज सवलत जाते. मोबदला मागताना सातबाऱ्यावरच्या बोजामुळे बँकेचा ना-हरकत दाखला मागतात, आणि बँक कधी कधी सगळी थकबाकी त्यातूनच वळती करू पाहते. आम्ही चालू पीककर्ज आधी भरलं, बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला घेतला, बोजा कमी करण्याचा फेरफार करून घेतला आणि मग मोबदल्याच्या कागदांवर सह्या केल्या. क्रम उलटा झाला तर बोजा जुन्या गट क्रमांकावर राहतो आणि नव्या गटावर कर्ज देताना सोसायटी अडते.

सामाईक खात्याचं दुखणं वेगळं आहे. वाटप सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून हद्दी पाडून, झालेलं नसेल, तर रस्ता एका भावाच्या वहिवाटीतून गेला तरी क्षेत्र सगळ्यांच्या हिश्श्यातून कमी होतं. मोबदल्याच्या वाटणीवर वाद झाला तर सक्षम प्राधिकारी महामार्ग अधिनियमाच्या कलम ३-एच खाली तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतात, आणि तोवर रक्कम तिथेच अडकते. कमी-जास्त पत्रक होण्याआधी भावांनी आपसात बसून कुणाच्या वहिवाटीतून किती गेलं ते लिहून काढलं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेता येतं आणि प्रत्येकाचं क्षेत्र स्वतंत्र होतं. मात्र तुकडेबंदी लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याखालचा हिस्सा वाटपात वेगळा पाडता येत नाही. पलीकडचे ३४ आर दोघांत निम्मे करायचे म्हटलं तर प्रत्येकी १७ आर येतात, आणि जिरायत म्हणून ते बसत नाहीत. ते एकालाच देऊन दुसऱ्याला अलीकडे जास्त द्यावे लागतात.

कागद जपण्याबद्दल एवढंच सांगतो. जुना सातबारा आणि आठ-अ थ्री-डी होण्याआधीच डिजिटल स्वाक्षरीचा काढून ठेवा, प्रत्येकी १५ रुपये लागतात. फेरफार झाल्यावर तो आकडा पडद्यावर दिसत नाही, आणि पोटखराबा किती होता हे सिद्ध करायला तोच लागतो. सोबत राजपत्राचं आपलं पान, संयुक्त मोजणी पत्रक, निवाड्याचा उतारा, कमी-जास्त पत्रक आणि प्रमाणित फेरफार. हे सात कागद एका फाईलमध्ये असले की सहायक कृषी अधिकारी, सोसायटीचा सचिव आणि सेतू केंद्र या तिन्ही ठिकाणी तीच फाईल चालते. नवा सातबारा आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ओळख क्रमांकाची जमीन यादी, पीएम-किसानची जमीन जोडणी, महाडीबीटीवरचे प्रलंबित अर्ज आणि सोसायटीचा बोजा, या क्रमाने तपासलं. महाडीबीटीवर एक अर्ज जुन्या गटावर अडकला होता. तो रद्द करून नव्या गटावर पुन्हा भरावा लागला, त्यातला क्षेत्राचा आकडा बदलता येत नव्हता.